हिरालालची दाढदुखी

वनमालाबाईनं दाताच्या दवाखान्यात चिकटवलेली अक्षरं गळून पडली, अशी आवई गुढियारीभर उठली. छे हो, एक वेलांटीही हलली नव्हती! आवई उठवली हिरालाल पेंटरनं. ती भिंत रंगवली त्यानंच. पण डॉक्टरचं नाव लिहायचं काम, तीस वर्षं त्याच्या ब्रशचं, बाईच्या व्हिनाइलच्या चिकट अक्षरांना गेलं. बाईनं अख्खी ओळ भिंतीवर दाबून बसवली, वरचा कागद अलगद सोलला आणि अर्ध्या तासात मोकळी! हिरालालचा नुसता जळफळाट. तेव्हापासून तो दाढदुखीच्या नावाखाली रोज गाल धरून दवाखान्याच्या बाकावर बसायचा आणि अक्षरांकडे टक लावायचा.

दुसऱ्या भिंतीच्या कामाला आलेल्या वनमालाबाईनं त्याला तिथंच गाठलं.

"भाऊजी, काहून वाट पाहून राहिले? पडतीन तं तुमचा रंग घेऊनच पडतीन."