कड्यावरची आमरी

माझं एक छायाचित्र बऱ्याच जणांनी पाहिलं आहे. कड्याच्या टोकाला खडकाच्या भेगेतून एक निष्पर्ण फांदी पुढे आलेली, तिच्यावर आमरीची, म्हणजे झाडावर वाढणाऱ्या रानटी ऑर्किडची, पांढरी फुलं, आणि मागे नुसतं धुकं. दिनदर्शिकेवर ते छापलं गेलं, भोरमध्ये एका प्रदर्शनात लागलं. खाली 'कड्यावरची आमरी, वेल्हे' असं मीच लिहून दिलं होतं. ती आमरी कड्यावर कधीच नव्हती. हे आता लिहून ठेवतो आहे, कारण जिथे सांगायला हवं होतं तिथे ऐकायला कुणी उरलेलं नाही.

नोकरी संपल्यावर कॅमेरा घेतला आणि डोंगरात फिरू लागलो. पावसाळ्यात रानफुलांसाठी सगळेच येतात, म्हणून मी थंडी निवडली. थंडीतलं धुकं दरीत साचतं, वरून पाहिलं की डोंगरांची फक्त टोकं दिसतात. आमच्याकडे त्याला धुई म्हणतात. धुई पडली की उत्रोलीकडचे शेतकरी हरभऱ्याचं फूल गळेल म्हणून हवालदिल व्हायचे, आणि मी ती पडावी म्हणून पहाटे उठून खिडकीशी उभा राहायचो.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरांची पाच-सहा घरांची वस्ती होती. तिथल्या एका घरी माझा मुक्काम असे. घरधन्याला मी मामा म्हणायचो, त्याच्या बायकोला मामी. दोघंही साधारण माझ्याच वयाची.

"सर, आमच्या म्हशीचा बी एक काढा की," मामा म्हणायचा. "तुमच्या फुलांपरीस लई देखनी हाय."

"म्हैस हलते, मामा."

"मंग फूल काय गप उभं ऱ्हातंय व्हय?"

चुलीपाशी बसलेली मामी आतून ओरडायची, "म्हशीचा काढा, पर ह्येंचा नका काढू. आदी दाढी करा म्हनावं."

वस्तीमागे देवाची राई होती. राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी न्यायची नाही, हा नियम. सरपणाला बायका लांबच्या उतारावर जायच्या, पण राईतलं पडलेलं लाकूड तिथेच कुजायचं. वर्षातून एकदा देवापुढे दिवा लावायचा मान मामाच्या घरचा होता. त्याच्या बापाचा, आज्याचा, मग त्याचा. त्या घराकडे दुसरं मोठं असं काही नव्हतं.

त्या सकाळी राईतल्या जांभळीवर आमरी फुललेली दिसली. आमरीची स्वतःची पानं झडलेली, कांडीवर नुसती फुलं. फांदी डोक्याच्या वर होती आणि मागे झाडांची दाटी. धुई मात्र थोड्या अंतरावर, कड्याखाली, काठोकाठ भरली होती. फूल एकीकडे आणि धुकं दुसरीकडे. ऊन चढलं की धुई उठणार होती.

आमच्या या छंदात एक सवय असते. फुलापुढचं गवत उपटायचं, आडवी काटकी मोडायची, पाकळ्यांवर पाणी शिंपडायचं. याला आम्ही फ्रेम साफ करणं म्हणतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. मी वस्तीवर आलो, कड्याकडच्या वाटेवर काटे आलेत असं सांगून मामाकडून कोयता घेतला आणि जांभळीची ती फांदी तोडली. तिच्यावरची जांभळाची पानं ओरबाडली. फांदी कड्यावर नेऊन खडकाच्या भेगेत खोचली, बुडाशी दगड ठोकले. फोटो काढून झाल्यावर ती दरीत टाकली. धुक्यात ती कुठे पडली ते कळलं नाही. कोयता परत दिला आणि चहा घेतला.

पुन्हा गेलो तेव्हा त्या फोटोची मोठी प्रत मामाला भेट द्यायला बरोबर घेतली होती. अंगणात सगळी वस्ती बसलेली. दिव्याचा दिवस जवळ आला म्हणून राई झाडायला गेलेल्यांना जांभळीवरचा घाव दिसला होता. मामाचं घर राईला सगळ्यांत जवळचं, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. मामानं सांगून टाकलं होतं, कोयता सरांनी नेला होता.

वस्तीतल्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "सर, तुमी तोडली का फांदी? तुमाला आमचा कायदा ठावं न्हाई, चूक झाली आसंल तर तसं सांगा. बाहेरच्या मानसाला आमी काय म्हननार न्हाई."

त्यानं दार उघडून दिलं होतं. मी नुसतं हो म्हणालो असतो तरी चाललं असतं.

"मी कशाला तोडू?" मी म्हणालो. "मला फुलाचा फोटो हवा होता, तो मला कड्यावर मिळाला. हा बघा."

फोटो हातोहात फिरला. कडा सगळ्यांच्या ओळखीचा होता. त्याच्यावर फूल दिसत होतं. यापुढे कुणाला काय विचारायचं होतं? मामाच्या हातात आला तेव्हा त्यानं तो बराच वेळ धरून ठेवला.

"ह्या कड्यावर म्या जल्मभर गुरं चारली," तो म्हणाला. "ही फांदी तिथं कवा उगवली?"

मी काही बोलायच्या आत मामी उसळली. "गप बसा वो! फोटूत दिसतंय तरी सरांवर ढकलताय? घरात आलेल्या मानसावर? लाज वाटू द्या जरा."

मामानं फोटो पुढच्याच्या हातात दिला. त्या वर्षी दिवा दुसऱ्या घराकडे गेला आणि पुन्हा फिरून आला नाही. नंतर त्यांची दुभती म्हैस मेली, तेव्हा मामीनं त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "भोगा आता. कशापायी हात लावला राईला?" हे मला वस्तीतल्याच एकानं वेल्ह्याच्या बाजारात सांगितलं. त्यानंतर मी तिकडे जाणं सोडलं.

हळूहळू वस्ती खाली उतरली. कुणी उत्रोलीला, कुणी पुण्यात. मामा वारला तेही मला उशिरा कळलं. जांभूळ अजून आहे म्हणतात, आमरी नाही.

या थंडीत मी पानशेतला गेलो. मामी तिथे मुलाबरोबर राहते, धरणाजवळच्या एका खानावळीत भाकऱ्या करते. मी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं.

ती पिठाचे हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

"म्हंजी त्ये खरं बोलत व्हते?" तिनं विचारलं.

"हो."

"शेवटाला बी म्हनले व्हते, म्या न्हाई तोडली. म्या म्हनलं, आता तरी खोटं बोलू नका."

माफ करा म्हणायचं ठरवून आलो होतो, ते राहूनच गेलं.

"ह्ये तवा अंगनात बोलायचं व्हतं, सर. समद्यांम्होरं."

"मी एकेकाला जाऊन सांगतो, मामी. जे आहेत त्यांना."

"कुनाला? म्हातारी समदी गेली. पोरांना दिवा बी म्हाईत न्हाई आन् राई बी न्हाई." ती उठली. "म्याच तेवडी उरलीया. आन् त्येंच्यावर इस्वास म्याच न्हाई ठिवला."

आतून कुणीतरी भाकरीसाठी हाक मारली. "आले," म्हणून ती गेली. मला चहा विचारला नाही.