वणीच्या अलीकडे अडलेला ट्रक

देवीवर माझा राग नव्हता, तिच्या नावावर चालणाऱ्या बाजारावर होता; आणि कशाचाही राग आला की मी पत्रक काढायचो. गेल्या चैत्रात आईला सप्तशृंगीच्या गडावर न्यायला निघालो तेव्हा सीटखाली पाचशे पत्रकांचा गठ्ठा होता. मथळा मीच लिहिला होता : ‘बनावट माल विकणाऱ्याला ओळखा.’ खाली सातपूरच्या एका स्पेअर पार्टवाल्याचं नाव, दुकानाच्या पत्त्यासकट. या माणसाच्या मुलीची सोयरीक वणीत ठरत होती, हे मला माहीत होतं. म्हणूनच वाटायला वणीचा बाजार निवडला. आज हे लिहिताना स्वतःची लाज वाटते, पण तेव्हा मला तो न्याय वाटत होता.

आमचा ट्रक जुना लष्करी, देवळालीच्या लिलावातला, पेट्रोलवर चालणारा. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ बाहेर न सोडता परत जाळायला पाठवणारा एक बोटभर व्हॉल्व्ह त्यात असतो. जुना तुंबला म्हणून त्या दुकानातून नवा आणला. बसवायच्या आधी आई म्हणाली, “देवापुढे ठेव, कुंकू लाव.” नवा पार्ट पूजेशिवाय गाडीला लागायचा नाही, ही आमच्या घरातली रीत. मी म्हणालो, लोखंडाला कसली पूजा. ती म्हणाली, “दोन अक्षता टाकायला तुझा हात झिजतो का?” मी चिडून मूठभर कुंकवाच्या ओल्या अक्षता व्हॉल्व्हवर फेकल्या, “घे, झाली पूजा,” म्हणालो आणि तसाच उचलून बसवला.

त्या दिवसापासून गाडी अडखळू लागली. पाय दाबला की इंजिन क्षणभर दम सोडायचं, गचका द्यायचं, मग उचलायचं. प्लग साफ केले, पॉइंट घासले, कार्ब्युरेटर दोनदा खोलला, पेट्रोलची नळी फुंकली. सगळं ठीक. मग उरला तो नवा व्हॉल्व्ह, म्हणजे उरला तो दुकानदार. मी भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हणालो. तो एवढंच म्हणाला, “अरे, एकदा काढून आण तरी, बघू.” पुरावा नष्ट करायला मागतोय, असं मी ठरवून टाकलं आणि थेट छापखान्यात गेलो.

वणीच्या अलीकडच्या चढावर ट्रक गचके खात बंदच पडला. ऊन मी म्हणत होतं. आई टायरच्या सावलीत बसली. मी बॉनेट उघडून दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो, तेवढ्यात गडावरून पायी परतणारा एक अनवाणी म्हातारा थांबला. अंगात खाकी सदरा, कपाळाला गुलाल.

“शिव्यांनी चालू होणारी गाडी मी फौजेतबी नाय पाहिली,” तो म्हणाला. “काय बदललं हिच्यात?”

मी सांगितलं. त्याने व्हॉल्व्ह काढायला लावला, कानाशी धरून हलवला आणि माझ्या कानाशी नेला. “वाजतो का?”

“नाही.”

“चांगला असला का खुळखुळ्यावाणी वाजतो. आत गोळी अडकलीय, तोंड उघडं राहिलंय. जादा हवा खाते, मग पाय दाबला का गुदमरते.” त्याने आईकडून पिन मागितली, आत घालून हलकेच फिरवली. तळहातावर तांदळाचा दाणा पडला. कुंकवाने लाल.

“हे कंच्या कंपनीचं?” त्याने विचारलं.

आईच म्हणाली, “आमच्या घरचं आहे. फेकून मारलं होतं.”

त्याने व्हॉल्व्ह पुसला, हलवला. तो वाजला. बसवल्यावर गाडीने एकदाही दम सोडला नाही. मी नाव-गाव विचारलं तर म्हणाला, “आईचं दर्शन करून आलोय, लगेच कुणाला रस्त्यात सोडून जाणं बरं दिसंना.” आणि उतरणीला लागला.

त्याला देवीने पाठवलं की तो आपला आपण आला, हा वाद मी घालणार नाही. ट्रक आणखी दोन मैल चालला असता, तर एका निरपराध माणसाच्या मुलीचं लग्न मी मोडलं असतं, एवढं मला कळतं. गडाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर चुलीत पत्रकं घातली. टपरीवाला म्हणाला, “कागद चांगला होता की हो.” मग आईला घेऊन पायऱ्या चढलो.

दुसऱ्या दिवशी सातपूरला गेलो. दुकानात गर्दी होती. काउंटरशी वाकून हळूच म्हणालो, “काका, चूक माझी होती.” त्याने हातातलं बेअरिंग खाली ठेवलं. “चोर म्हणालास तेव्हा आवाज रस्त्यापर्यंत गेला होता. आज घसा बसलाय का?”

मग मी मोठ्याने सांगितलं. दाण्यासकट, पत्रकासकट, वणीसकट. वणीचं नाव आलं तेव्हा तो खाली बसला. मग उठला, बेअरिंग उचलून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

माझी पत्रकं अजून निघतात. अन्याय दिसला की डोकं अजून फिरतं, आणि ते फिरू नये असं मागणं मी देवीकडे मागितलेलं नाही. तिच्या पायाशी मी एकच गोष्ट सोडून आलो : मला राग आलाय म्हणजे मीच खरा, ही खात्री. ती काढून घेतल्याबद्दल, आणि वेळेवर काढून घेतल्याबद्दल, मी तिचा जन्माचा ऋणी आहे.