सापगावची बिनमातीची स्ट्रॉबेरी

आसनगावला उतरले तेव्हा मनात शंकाच होती. थंड हवेचं फळ शहापूरच्या उन्हात, तेही मातीशिवाय? काहीतरीच! पण कॉलेजातली मैत्रीण सुजाता हट्टाने बोलवत होती, म्हणून सापगावची रिक्षा धरली.

कापणी झालेल्या खाचरांमध्ये (भाताच्या बांधबंदिस्त शेतांत) तिचं पांढरं हरितगृह उभं होतं. चपला काढून, पाय धुऊन आत शिरले. कमरेइतक्या उंचीवर नळ्यांच्या रांगा, नळ्यांच्या भोकांत रोपं आणि दोन्ही बाजूंना लोंबणारी लालबुंद फळं! सुजाताने एक रोप अलगद उचललं. खाली पांढरीशुभ्र मुळं, त्यांना भिजवत जाणारं गार पाणी. बस्स, एवढंच. मी वेड्यासारखी बघत राहिले.

तेवढ्यात पंप घरघरला आणि बंद पडला. सुजाताने नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या टाकीत हात घातला, तो चिखलाने भरून आला. तिचा चेहरा उतरला.

"हेच पाणी सगळीकडे फिरतं गं. मुळं सुकली तर पहिला बहर गेला."

दारात तिच्या सासूबाई उभ्या होत्या. पदर चाळवत म्हणाल्या, "सकाळी मीच घातली गो माती. कडेच्या रांगेला, मूठ मूठ. नुसत्या पाण्यावर कोणाचं पोट भरतं काय?"

सुजाता रागाचा एक शब्द बोलली नाही. तिने टाकी उपसली, नळ्या धुतल्या. मी फवारणीचा पंप घेऊन मुळं भिजवत फिरले. खांदे भरून आले. सासूबाई बादलीशी बसून कडेच्या रोपांची मुळं हळुवार धूत होत्या, आवण (लावणीची भातरोपं) धुतात तशी.

"आई, पाण्यातच खत विरघळवलंय. तेच त्यांचं जेवण," सुजाता म्हणाली.

सासूबाईंचे हात थांबले. "म्हंजे उपाशी नाय ती?"

"नाय हो, आई."

पंप पुन्हा सुरू झाला. ऊन कलेपर्यंत मलूल पानं एकेक करून ताठ झाली. मातीचा आधारही नाही, आणि जगण्याची केवढी ही ओढ!

सुजाता मला स्टेशनवर सोडायला आली. फलाटावर म्हणाली, "महिनाभर आई जेवणाच्या पानावरून अर्धवट उठायच्या. मला वाटायचं, माझा हा उद्योग त्यांना पसंत नाही. त्यांना तर रोपं उपाशी आहेत म्हणून घास जात नव्हता."

निघताना सासूबाईंनी स्ट्रॉबेरीचा डबा हातात दिला होता. घरी पोचेपर्यंत त्यातली एकही तोंडात टाकवली नाही.