दगडी दासीला लावलेलं कुंकू

नातवंडांना वाटतं, आजी जन्मापासूनच शहाणी. मी त्यांचा गैरसमज काढत नाही. म्हातारपणी तेवढीच चैन. पण एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची एक तिशीतली बाई माझ्या चांगली ओळखीची आहे. तिचे प्रताप मला पाठ आहेत, कारण ती मीच.

मुलीच्या शाळेची पाचवीची सहल वस्तुसंग्रहालयात निघाली. चाळीस मुली आणि बाई एकट्या, म्हणून मदतीला एखादी आई हवी होती. मी लगेच हात वर केला. मुलांची आवड वगैरे काही नाही. एक दिवस सासूबाईंच्या नजरेआड काढायला मिळत होता. मोरपंखी नायलॉनची साडी नेसले, कपाळावर मेण लावून ठसठशीत कुंकू रेखलं. जणू काचेच्या कपाटात मलाच मांडणार होते.

गाडीत माझी लेक मैत्रिणींत जाऊन बसली. माझ्या शेजारी आली ती फुलवालीची मुलगी. हिची आई बाजारात फुलं विकायची आणि वडील गंगेकाठच्या, म्हणजे आमच्या गावच्या नदीकाठच्या, मळ्यात शेवंती करायचे. दोन वेण्या, दोन्हींत शेवंती.

"काकू, हत्तीचा दात आधी दाखवतात का शेवटी?"

"कसला हत्ती?"

"लय जुन्या काळातला. त्याचा दात आमच्या मळ्याजवळ गंगेत सापडला. आमच्या आजोबांनी पाहिलाय. मग साहेब लोक घेऊन गेले. आजोबा सांगतात केवढा होता ते, पण सगळे त्यांना हसतात. आज मी बघणार आणि घरी सांगणार."

केवढा, हे मी विचारलं नाही. माझं लक्ष निऱ्यांकडे होतं.

तिथे पोचल्यावर माझी हुकमत सुरू झाली. हात लावू नका, काचेला नाक लावू नका, रांग मोडू नका. दोघींच्या हातावर चापट्याही दिल्या. पडवीत काही दगडी मूर्ती उघड्यावर मांडलेल्या होत्या. मुली पुढे गेल्या आणि मी एका मूर्तीपाशी थबकले. काय तिचा तो शांत चेहरा, काय ते दागिने. देवी अशी बिनकुंकवाची, बिनफुलाची उभी, हे मला बघवेना. इकडेतिकडे पाहिलं, स्वतःच्या कपाळाचं कुंकू अनामिकेवर घेतलं आणि तिला लावलं. वर हात जोडून मागितलं, की सासूबाईंना चार महिने तरी धाकट्या दिरांकडे जाण्याची बुद्धी दे.

डोळे उघडले तर शेजारी फुलवालीची मुलगी. तिने वेणीतली एक शेवंती काढून मूर्तीच्या पायाशी ठेवली. काकू करतात ते बरोबरच असणार, एवढाच तिचा हिशोब.

पाच मिनिटांत शिपायाची हाक आली. "कुणी केलं हे? मूर्तीला कुंकू कुणी फासलं?"

बाई धावत आल्या. शिपायाने फूल उचललं, मुलींच्या रांगेवरून नजर फिरवली आणि त्या दोन वेण्यांवर थांबला. "फूल हिचं. मग कुंकूही हिनंच लावलं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. चुगली करणारी नजर नव्हती ती. आता काकू सांगतील, अशी होती.

मी नुसती गप्प बसले असते तरी आज थोडं बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "अगं, देवळात आलोय का आपण? एवढं सांगितलं हात लावू नका म्हणून."

बाईंनी तिला बाहेर पायरीवर चपलांपाशी बसवलं. तीही जाऊन बसली. शिपाई फडक्याने मूर्ती पुसू लागला, तेव्हा शेजारची पाटी मला दिसली: चवरी ढाळणारी दासी. मी मोलकरणीला साकडं घातलं होतं.

पुढच्या दालनांत मी काय पाहिलं, देव जाणे. बाई माझ्याकडे बघतात का, तेवढंच बघत होते. हत्तीच्या दातावरूनही गेले असेन. बाहेर आले तर पोर पायरीवरून उठली आणि हळूच म्हणाली, "काकू, तुमचं कुंकू फिसकटलंय."

पदराने कपाळ पुसलं. ना शिपायाला दिसलं, ना बाईंना. हिला मात्र पहिल्यापासून दिसत होतं.

गाडीत तिने विचारलं, "काकू, दात केवढा होता?"

मी दोन्ही हात फाकवले. हत्तीचा म्हटल्यावर सुळाच असणार, असं धरून चांगला हातभर दाखवला. ती त्या दोन हातांमधल्या जागेकडे बराच वेळ बघत राहिली. "एवढा?" म्हणाली, आणि मग खिडकीबाहेर पाहू लागली.

आठवड्याने बाजारात तिच्या आईने हाक मारली. "या ना, काकू. पोरीनं सांगितलं, तुम्ही दात बघितला. आमचा म्हातारा इतकी वर्षं इटंएवढा होता म्हणायचा. आता गप झालाय. म्हणतो, काकू शिकलेल्या हायेत, त्यांनी डोळ्यानं बघितलाय, माझीच नजर चुकली असंल." बोलता बोलता तिने शेवंतीची वेणी माझ्या हातात ठेवली. "पैसे राहू द्या, पोरीला सांभाळलंत तुम्ही."

मी ती माळली आणि तशीच संग्रहालयात गेले. दात होता. सुळा नव्हेच, दाढेचा. चपटा, काळपट, मातीच्या रंगाचा. बरोबर विटेएवढा.

त्या दासीकडे मान वर करून बघवलं नाही. बाहेर पडले ती मनाशी ठरवून, की उद्याच मळ्यात जायचं आणि म्हाताऱ्यापुढे सगळं कबूल करायचं. उद्या घरी पाहुणे होते. परवा लेकीला ताप होता. मग मी फुलं दुसऱ्या बाजारातून आणायला लागले. लांब पडायचं, पण चालत जायचे.