मास्कचा पट्टा किती आवळावा

“झोपेत तुमचा श्वास तासाला चाळीस वेळा अडतो,” औरंगाबादच्या डॉक्टरांनी अहवाल पुढे सरकवत सांगितले. आजाराचे नाव स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशातली वाट मिटते आणि श्वास थांबतो. महिन्यापूर्वी बदनापूरजवळ माझी मोटारसायकल ज्वारीच्या रानात का शिरली, ते आता कळले. मला डुलकी लागली होती.

उपाय सीपॅप, म्हणजे रात्रभर नळीतून हवा ढकलणारे यंत्र आणि नाकावर मास्क. “महिनाभर रोज लावा. तोवर गाडी चालवायची नाही.”

मी भोकरदन तालुक्याचा वार्ताहर. गाडीशिवाय गावे गाठता येत नव्हती.

पहिल्या आठवड्यात मास्कच्या कडेने हवा सुटून डोळ्यांत जायची. मी पट्टा आवळला. हवा आणखी सुटली. आणखी आवळला. आठव्या दिवशी नाकाच्या दांड्यावर जखम झाली आणि मी मास्क बाजूला ठेवला. प्रश्न मात्र सुटेना: घट्ट बांधल्यावर गळती वाढते कशी?

त्याच सुमारास केदारखेड्याहून नाना आले. नाना माझे चुलते. सगळा जन्म बैलांत गेलेला.

“नाकाला काय झालं रे?”

“ह्यांची सोंड दाखवते, नाना,” म्हणत सुनंदाने, माझ्या पत्नीने, मास्क आणला. “हवा सुटली की आवळून राह्यलेत.”

नानांनी तो माझ्या तोंडावर चढवायला लावला आणि पट्ट्याखाली बोट घालून पाहिले. बोट जाईना.

“बैलाच्या तोंडाला म्होरकीची दोरी बांधताना दोन बोटं जातील इतकी जागा ठेवतोत आम्ही. न्हाई तर चट्टा पडतोच. तू तर बैलाहून नाजूक!”

“मंग हवा सुटते ना, नाना.”

“ते डॉक्टरला इचार. मला जखमेचं कळतं.”

विचारले. डॉक्टर म्हणाले, “मास्कची कड मऊ सिलिकॉनची आहे. आत हवा भरली की ती फुगून चेहऱ्यावर बसते. आवळलीत तर तिला सुरकुती पडते आणि तिथूनच हवा निघते. यंत्र सुरू करा, आडवे व्हा, मग पट्टा जुळवा.” जखम भरेपर्यंत त्यांनी नाकपुड्यांना टेकणारा वेगळा मास्क दिला.

जखम भरल्यावर एका दुपारी मी आडवा झालो. सुनंदाने वर्तमानपत्राची बारीक पट्टी मास्कच्या कडेने फिरवली. जिथे कागद फडफडला तिथे गळती. नानांची दोन बोटे जमली नाहीत. एक बोट जाईल इतक्या सैल पट्ट्यावर कागद स्थिर राहिला. मास्कमध्ये घुसमटल्यासारखे व्हायचे, त्याची सवय व्हावी म्हणून जागेपणी रेडिओवरच्या बातम्या ऐकताना अर्धा तास मास्क लावून बसायचो. नाक कोरडे पडे, त्यासाठी यंत्राला पाण्याचे भांडे जोडून घेतले.

ज्यांना हे यंत्र नवे आहे त्यांनी जखम सोसू नये आणि मास्क सोडूनही देऊ नये. विचारावे.

महिना पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागला. तो भरल्यावर डॉक्टरांनी यंत्रातली नोंद पाहिली आणि म्हणाले, “चालवा.”

दुसऱ्या दिवशी केदारखेड्याला गेलो. नाना गोठ्यातून बाहेर आले आणि मोटारसायकल चालवत आणणारा दुसरा कोणी दिसतो का ते आधी पाहू लागले.

“कोणासंगं आलास?”

“एकटाच आलो, नाना.”