माझ्या नावाचे सव्वा मूठ गहू

मला गव्हाची पोळी आवडायची आणि फुगडी त्याहून जास्त. या दोघींचं आपसात जमत नाही, हे मला सोळाव्या वर्षी कळलं, तेही पांडेसऱ्यात भर रस्त्यावर, कानबाईच्या विसर्जनात.

आम्ही खान्देशातले, वडील इथे गुजरातेत डाईंग मिलमध्ये. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्याच पिठाचा रोट करतात, म्हणजे पुरणपोळ्या वगैरे, आणि तो घरच्यांनीच संपवायचा असतो. बाहेरच्याला घाससुद्धा द्यायचा नाही. एरवी घरात ज्वारीची भाकरी, त्यामुळे विसर्जनाच्या त्या सोमवारी मी तीन पोळ्या हाणल्या आणि देवीपुढे फुगडीला उभी राहिले. थोड्याच वेळात तळहात खाजायला लागले. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा आवळला आणि मी कोसळले.

"बाई उनी! बाई उनी!" बायका ओरडल्या. देवी आली म्हणे माझ्या अंगात! कपाळावर हळदीकुंकू थापलं, पायांवर डोकी ठेवली, कुणी पोराच्या नोकरीचं विचारतंय, कुणी नातवाचं. अगं बयांनो, मला श्वास घेता येत नव्हता, उत्तरं कुठून देणार! शेजारची गुजराती मासी दवाखान्यात आया होती. ती गर्दीत घुसली, "अरे, आ छोकरीथी श्वास नथी लेवातो!" म्हणून सगळ्यांवर खेकसली आणि मला उचलून रिक्षात घातलं. इंजेक्शन मिळालं म्हणून वाचले.

डॉक्टर खोदून खोदून विचारणारे निघाले. कधीमधी डब्यात पोळी असली की शाळेत पळायच्या तासाला माझ्या अंगावर पित्त उठायचं आणि आई आमसुलाचं पाणी लावायची, तेही मी सांगितलं. त्यांनी आईला समोर बसवून समजावलं. नुसते गहू खाल्ले तर हिला काही होणार नाही, नुसती नाचली तरी नाही. पण गहू खाऊन चार-पाच तासांच्या आत पळाली किंवा नाचली तर जीव जाऊ शकतो. आईनं मान डोलावली.

वर्षभर काही झालं नाही. फरक पडला तो आईला. एरवी तिला कोण विचारत होतं? आता जिच्या पोरीच्या अंगात बाई येते ती, म्हणून चाळीतल्या बायका तिच्यासाठी पाट मांडायच्या. आई लाजून हसायची. मला वाटायचं, हसू दे बिचारी, माझं काय जातंय.

पुढच्या श्रावणात मी स्पष्ट सांगितलं, रोट सोडेन, फुगडी सोडणार नाही. आई लगेच कबूल झाली. एवढ्या धांदलीत तिनं माझ्यासाठी वेगळा तवा मांडून दोन भाकरी थापल्या. खरं सांगते, मला भरून आलं. भाकरी जरा चिवट होती, मोडायच्या ऐवजी ताणली जात होती. घाईत पाणी जास्त झालं असेल, असं म्हणून मी दोन्ही संपवल्या.

फुगडी रंगात आली आणि तळहात खाजले. ती खाज मी विसरणं शक्यच नव्हतं. मी घाबरून गर्दीत आईला शोधलं. ती समोरच होती. माझे ओठ सुजताना ती बघत होती, आणि तिनं काय करावं? हात जोडले! मी खाली पडल्यावर ती माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "माय, हिनं लगीन कवय जमी?"

हिचं म्हणजे माझं. माझं लग्न कधी जमेल, ते ती मलाच विचारत होती, आणि मी तिच्या पायाशी गुदमरत होते.

पुन्हा मासी, पुन्हा रिक्षा, पुन्हा इंजेक्शन. संध्याकाळी मी डोळे उघडले तेव्हा आई खाटेशी बसलेली.

"तुझ्या नावाचे गहू तसेच राहिले असते तर बाई कोपली असती," ती म्हणाली. "तेवढंच पीठ मिसळलं भाकरीत."

म्हणजे ठरवून! शेजारणीनं असं केलं असतं तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. आईचं काय करायचं? मी संतापानं रडायला लागले. तिनं माझे डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काय सांगं बाईनी?"

तोंडाला आलं ते बोलले. "सांगितलं ना. आईच्या हातचं खाऊ नको म्हणाली."

मला फक्त तिला टोचायचं होतं. पण तिनं ते देवीचंच बोलणं म्हणून घेतलं. त्यानंतर आईनं मला कधी वाढलं नाही. मी चुलीशी माझ्या भाकरी थापायला बसले की ती उठून दारात जाऊन बसायची.