उलटं बसलेलं स्टेशन

मुकादमानं विचारलं होतं एवढंच, की घराचं तोंड कुणीकडं करायचं? आणि स्टेशनमास्तरांनी ऐटीत सांगितलं होतं, "रस्त्याकडे. तोंड आणखी कुणीकडं असतं?"

त्या एका उत्तरापायी अख्खं स्टेशन उलटं बसलं.

रेल्वे कंपनी छोटी. इंजिनं दोन, त्यातलं एक बहुतेक आजारीच. रूळ शेतापलीकडं सरकले तेव्हा नवं स्टेशन बांधायला पैसा कुठला? म्हणून जुनंच लाकडी स्टेशन उचलून ओंडक्यांवर ठेवलं आणि बैल जुंपले. पुढं मास्तरांची कचेरी, मागं त्यांचाच संसार. मास्तर बैलांना सूचना देत चालले होते. बैल काही मनावर घेत नव्हते. मास्तरीणबाई मात्र आतच बसून राहिल्या. "माझं घर चाललंय, मी मागनं पायी कशाला येऊ?"

स्टेशन नव्या रुळांपाशी पोचलं, खालचे ओंडके काढले, बैल पेरणीला गेले. मास्तर आपल्या खुर्चीत स्थिरावले. त्यांच्या कचेरीची खिडकी भिंतीच्या पुढं आलेली, तिन्ही बाजूंनी काचेची. दोन्हीकडून येणारी गाडी बसल्या जागी दिसावी म्हणून. त्या खिडकीतून त्यांना भाजीची हातगाडी दिसली आणि न्हाव्याचं दुकान दिसलं. शिट्टी ऐकू आली ती पाठीमागून.

"अहो," स्वयंपाकघरातून हाक आली, "तुमची गाडी माझ्या चुलीपाशी येऊन थांबलीय."

परवा तपासणीसाहेब यायचे होते. नोकरी गेली तर घरही जाणार, कारण घर नोकरीलाच चिकटलेलं. बराच वेळ डोकं खाजवून ते चुलीपाशी जाऊन उभे राहिले.

"एक विचारू?"

"विचारा. पण मुकादमाला सांगितलंत तसलं काही नको."

"कचेरी इथं आणली आणि चूल तिकडं नेली तर?"

बाई पोळपाट सोडून वळल्या. "म्हणजे चूक तुमची आणि बिऱ्हाड माझं हलणार."

"तिकडं उजेड छान आहे. रस्ता दिसतो सगळा."

बाईंनी जाऊन पाहिलं. न्हाव्याच्या दुकानात कोण बसलंय ते दिसत होतं, हातगाडीवरची वांगी किडकी आहेत हेसुद्धा दिसत होतं. "बरं," त्या म्हणाल्या, "पण एकदा इकडं आले की मी परत हलायची नाही. तुमची कंपनी बुडाली तरी."

लोखंडी चूल हलवायला मुकादम पहार घेऊन आला. "मी विचारलं होतं हां," तो चूल उचलताना म्हणाला, आणि ठेवतानाही म्हणाला. मास्तरांचं टेबल दारातून जाईना, ते खिडकीतून घ्यावं लागलं.

साहेब आले. कचेरीत फोडणीचा वास, भिंतीला तेलाचे डाग, आणि खिडकी सपाट. "इथून गाडी कशी दिसणार?"

दारातून बाई म्हणाल्या, "मान बाहेर काढायची. मी दूधवाला तसाच बघते, अजून एकदाही चुकला नाही."

साहेबांनी टोपी काढली, मान बाहेर काढली. लांबून धूर येत होता. गाडी आली, मास्तरांनी खिडकीतूनच तिकिटं दिली, निशाण दाखवलं, गाडी गेली. साहेबांनी मान आत घेतली.

"गाडी दिसते, तिकीट मिळतं," ते म्हणाले. "ज्याला सरळ हवं असेल त्यानं बैल घेऊन यावं."

मास्तरांनी त्याच स्टेशनात पेन्शन घेतली; बाई म्हणाल्या तशा तिथून हलल्या नाहीत, आणि कंपनीनंही त्यांना हलवलं नाही. काचेच्या खिडकीतून बाईंनी रस्त्यावर जी देखरेख ठेवली, तशी कंपनीनं कधी रुळांवर ठेवली नाही.

चूल हलवायला आणलेली मुकादमाची पहार मात्र बाईंकडं राहिली ती राहिलीच. तो मागायला आला की बाई परसात नेऊन दाखवतात. पहार तिथं रोवलीय आणि तिच्यावर भोपळ्याचा वेल चढलाय.

"भोपळे उतरले की घेऊन जा."

"मागच्या वेळी उतरले होते की, वहिनी."

"तेव्हा तुम्ही आला नाहीत."